अणुबॉम्बचा माल आणि आपला हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकी एकीने एखादा विषय अभ्यासून त्यावर बोलावे, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. आजवर येथे बाळंतिणीचा आहार झाला, सिकलसेलची तपासणी झाली, बचतगटाचे व्याज कसे मोजावे तेही झाले. यंदा माझी पाळी आली. अणुबॉम्बला लागणारा माल जगात भलत्या हाती जाऊ नये म्हणून काय करतात, या विषयावर बोलेन, असे मी कळविले तेव्हा कार्यकारिणीतल्या काही भगिनींना हसू आले. एकजणी म्हणाल्या, "अहो वहिनी, हा दिल्लीमुंबईच्या लोकांचा विषय. आपल्याला त्यातले काय कळणार?"

त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. परंतु धाकटी मुलगी नागपूरला विज्ञान शिकते. तिला विचारून घेतले, वाचनालयात बसून वाचले, आणि जे नीट उमगले तेवढेच आज सांगणार आहे. वाचता वाचता माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. या साऱ्या प्रकरणात विद्वत्ता पुष्कळ असली, तरी त्याच्या मुळाशी आहे तो हिशेब. माल किती आला, किती लागला, किती उरला, आणि उरलेला कोठे ठेवला. हिशेब म्हटला की तो आपला प्रांत झाला, नाही का?

दुसरेही कारण आहे. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनीच, गडचिरोली जिल्ह्यात कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याच्या रस्त्यावर भूसुरुंग फुटला. पोलीस दलाचे पंधरा जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक जागच्या जागी गेले. स्फोटकांचे एक गाठोडे भलत्या हाती पडले म्हणजे किती घरांतले दिवे विझतात, हे आपल्या दोन जिल्ह्यांतल्या बायकांना निराळे सांगायला नको. अणुबॉम्ब त्याहून लाखो पटींनी मोठा. पण धडा तोच. हात भलता असेल तर त्याच्यापर्यंत माल जाता कामा नये.

आता हा माल म्हणजे काय, ते आधी पाहू.

अणुबॉम्ब बनवायला दोन गोष्टी लागतात, ज्ञान आणि माल. ज्ञानाला कुलूप लावता येत नाही. १९४५ साली जे गुपित होते, त्यातले पुष्कळसे आज पुस्तकांतून छापलेले आहे. पण माल मात्र निसर्गात तयार मिळत नाही, आणि तो तयार करणे फार कष्टाचे, फार खर्चाचे काम आहे. म्हणूनच सगळी राखण मालावर आहे.

माल दोन प्रकारचा. पहिला युरेनियमचा. खाणीतून निघालेले युरेनियम जसेच्या तसे बॉम्बाला चालत नाही. त्याच्या हजार कणांत सातच कण कामाचे असतात. शास्त्रज्ञ त्यांना युरेनियम २३५ म्हणतात. बाकीचे जवळजवळ सगळे कण २३८ चे. आपण तांदूळ निवडतो तेव्हा खडा वेगळा दिसतो, म्हणून निवडता येतो. येथे खडा आणि दाणा दिसायला एक, गुणाला एक. फरक काय तो वजनात, आणि तोही अगदी किंचित. हे कण वेगळे काढायला हजारो नळकांडी यंत्रे अतिशय वेगाने फिरवीत ठेवतात. जणू सुपाने पाखडत राहावे, पुन्हा पुन्हा, महिनेच्या महिने. विजेच्या पुष्कळशा भट्ट्यांना शंभरात तीन ते पाच कण पुरतात. बॉम्बासाठी शंभरात नव्वदापर्यंत न्यावे लागतात.

दुसरा माल म्हणजे प्लुटोनियम. युरेनियम अणुभट्टीत जळत असताना त्यातल्या काही भागाचे प्लुटोनियम बनते. ते वापरलेल्या इंधनातून रसायनांनी वेगळे काढावे लागते. चुलीतली राख टाकून देण्याजोगी असते. या भट्टीची राख मात्र सर्वांत जास्त सांभाळावी लागते.

किती माल लागतो? ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बात सुमारे ६४ किलो युरेनियम होते. तीन दिवसांनी नागासाकीवर पडलेल्यात सुमारे ६ किलो प्लुटोनियम होते. एवढा गोळा आपल्या मोठ्या नागपुरी संत्र्याहून फारसा मोठा भरत नाही. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत सुमारे ७०,००० माणसे मेली, असा अंदाज आहे. संत्र्याएवढा गोळा बाजाराच्या पिशवीत मावतो. म्हणून त्याचा हिशेब किलोने नव्हे, ग्रॅमने ठेवायचा असतो.

हा हिशेब ठेवतात तरी कसा? येथे मला घरचे उदाहरण देऊ द्या. आमच्या घरचे कोळशाच्या भूमिगत खाणीत शॉटफायरर आहेत. पाळीच्या सुरुवातीला मॅगझीनमधून, म्हणजे बारुदाच्या कोठारातून, त्यांना मोजून डेटोनेटर मिळतात. किती घेतले ते वहीत लिहायचे, किती उडवले ते लिहायचे, आणि उरलेले पाळी संपताना परत जमा करायचे. कुलूप, किल्ली, सही. एकदा एक डेटोनेटर कमी भरला. नेहमीच्या वेळेनंतर तीन तास झाले तरी ते घरी आले नाहीत. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी तो एका थैलीच्या शिवणीत अडकलेला सापडला. "एका बोटाएवढ्या नळीसाठी एवढे?" असे मी विचारले. ते म्हणाले, "ती सापडेपर्यंत ती कोठेही असू शकते." हे वाक्य मला या विषयाची गुरुकिल्ली वाटते.

जगाच्या पातळीवर हेच काम १९५७ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था करते. तिची कचेरी ऑस्ट्रिया देशात व्हिएन्ना येथे आहे. तिचे तपासनीस देशोदेशी जातात. ते इंधनाच्या कांड्या मोजतात, वह्या पाहतात, मोहोरा लावतात आणि पुढच्या खेपेला मोहोर जशीच्या तशी आहे का ते तपासतात, कॅमेरेही बसवतात. त्यांच्या नियमात ८ किलो प्लुटोनियम, किंवा बॉम्बाजोग्या युरेनियमातले २५ किलो २३५, हा मोठा आकडा मानला आहे. एवढा माल गहाळ झाला, तर त्यातून बॉम्ब होण्याची शक्यता नाकारता येत नाही. आणि असा वापरायला तयार माल हलला, तर महिन्याभराच्या आत उमगले पाहिजे, असा त्यांचा नेम आहे. चोर पळून गेल्यावर हिशेब जुळवून काय उपयोग?

हे काम वाटते तेवढे सोपे नाही. गिरणीतून दळण आणले की पीठ थोडे कमी भरते. काही जात्याला चिकटते, काही उडून जाते. प्लुटोनियम वेगळे काढण्याच्या कारखान्यातही असेच घडते. जपानमध्ये तोकाईमुरा येथे असा कारखाना होता. त्याच्या सुमारे २५ वर्षांच्या हिशेबात २०६ किलो प्लुटोनियम जुळत नाही, असे २००३ साली तेथील सरकारनेच जाहीर केले. पंचवीस बॉम्बांचा माल! चोरी झाली होती असे नव्हे. पुन्हा हिशेब केल्यावर आकडा बराच खाली आला. पण शिस्तीच्या देशातल्या कारखान्यात ही गत, तर जेथे वहीच धड नाही तेथे काय?

अशी जागा खरोखरच होती. १९९१ साली सोव्हिएत संघ फुटला. कझाकस्तान हा त्यातून झालेला नवा देश. तेथल्या एका कारखान्याच्या कोठीत सुमारे ६०० किलो बॉम्बाजोगे युरेनियम पडून होते. नव्या सरकारने ते लपवले नाही, विकले नाही. अमेरिकेशी बोलणे करून १९९४ साली ते विमानांनी तिकडे हलवले आणि कोठी रिकामी केली. दक्षिण आफ्रिकेने तर सहा बॉम्ब बनवून स्वतःच मोडले, आणि १९९३ साली ते जगाला सांगितले. हाती आलेली वस्तू सोडून देणे किती कठीण, ते आपण जाणतो. म्हणून या दोन देशांचे नाव घ्यावेसे वाटते.

याच्या उलट उदाहरण आपल्या शेजारचे. पाकिस्तानचे शास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान हॉलंडमध्ये नोकरीला होते. युरेनियम पाखडणाऱ्या त्या यंत्रांचे आराखडे घेऊन ते १९७५ साली मायदेशी परतले. पुढे त्यांच्या मंडळींनी यंत्रे आणि आराखडे लिबिया, इराण आणि उत्तर कोरियाला पुरवले. ऑक्टोबर २००३ मध्ये लिबियाकडे जाणारे एक जहाज अडवले, त्यात यंत्रांचे सुटे भाग निघाले. फेब्रुवारी २००४ मध्ये खान यांनी दूरचित्रवाणीवर कबुली दिली. म्हणजे मालाबरोबर माल बनवण्याच्या अवजारांवरही पहारा लागतो, हे जगाला कळले.

इतका वेळ दुसऱ्यांची घरे पाहिली. आता आपल्या घराकडे वळू. कारण आपल्या घराविषयी गप्प बसून दुसऱ्यांची उणी काढणे मला बरे वाटत नाही.

या गोष्टीचे मूळ आपल्याच महाराष्ट्रात आहे. मुंबईजवळ तुर्भ्याला १९६० साली 'सायरस' नावाची अणुभट्टी सुरू झाली. भट्टी कॅनडाच्या मदतीची, आणि तिला लागणारे जड पाणी अमेरिकेचे. शांततेच्या कामासाठी वापरू, असे बोलणे झालेले होते. १८ मे १९७४ रोजी राजस्थानात पोखरणला आपण पहिला अणुस्फोट केला, त्याला लागलेले प्लुटोनियम याच भट्टीतले. आपल्या सरकारने सांगितले की हा शांततेसाठी केलेला स्फोट आहे, आणि वचन मोडलेले नाही. कॅनडाने ते मानले नाही. त्यांनी मदत थांबवली. पुढे अणुसामान पुरवणारे सात देश १९७५ साली लंडनला एकत्र बसले आणि कोणाला काय द्यायचे, काय नाही, याचे नियम ठरवू लागले. त्या गटात आता ४८ देश आहेत. आपला देश अजून त्यात नाही.

शेजारणीकडून पातेले मागून आणले आणि त्यात काय शिजवले यावरून वाद झाला, तर पुढच्या वेळी ती पातेले देताना शंभर प्रश्न विचारते. आपण म्हणू, आमचे काही चुकले नाही. ती म्हणेल, माझा विश्वास गेला. दोघींचे खरे धरले तरी अडचण आपल्याच स्वयंपाकाची होते. तारापूरला तसेच झाले. आज पालघर जिल्ह्यात असलेल्या त्या गावी अमेरिकी बनावटीच्या दोन भट्ट्या १९६९ पासून वीज देऊ लागल्या. १९६३ च्या करारानुसार त्यांचे इंधन अमेरिकेने द्यायचे, आणि भट्ट्यांची तपासणी बाहेरच्यांनी करायची, असे ठरले होते. तारापूरच्या त्या इंधनाने कोणताही स्फोट झाला नव्हता. तरी १९७८ साली अमेरिकेने नवा कायदा केला आणि इंधन अडले. शेवटी १९८२ साली फ्रान्सशी करार करून ते मिळवावे लागले.

आता दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. अण्वस्त्रे पसरू नयेत म्हणून १९६८ साली जगात करार झाला. १९७० पासून तो लागू आहे. त्यात असे ठरले की १ जानेवारी १९६७ च्या आधी ज्यांनी स्फोट केला, त्या पाच देशांनाच अण्वस्त्रवाले म्हणायचे, आणि बाकीच्यांनी ती घ्यायची नाहीत. आपल्या देशाने त्यावर सही केली नाही. मोठ्या जावांनी आपल्या कोठ्या भरून ठेवायच्या आणि धाकटीला सांगायचे की साठा करणे पाप आहे, हे पटत नाही, असे आपल्या देशाचे म्हणणे. त्या पाचांनी आपली शस्त्रे कमी करत न्यावीत असेही करारात होते. आजही त्यांच्याकडे हजारो आहेत. १९९८ च्या मे महिन्यात आपण पुन्हा पोखरणला स्फोट केले आणि उघड अण्वस्त्रवाले झालो. त्याबरोबर, आपण होऊन पहिला वार करणार नाही, असेही जाहीर केले. २००८ साली पुरवठादार देशांनी आपल्यासाठी नियम सैल केला. त्यासाठी आपण विजेच्या भट्ट्या कोणत्या आणि संरक्षणाच्या कोणत्या, अशी वाटणी केली. २२ पैकी १४ भट्ट्या २०१४ पर्यंत व्हिएन्नाच्या तपासणीखाली दिल्या. 'सायरस' २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली.

आपल्या देशाने बॉम्ब करावा की नाही, यावर या सभेतही दोन मते असतील. माझ्या घरात आहेत. परंतु मालाची राखण करावी की नाही, यावर दोन मते होऊ शकत नाहीत. ज्याच्या घरात धार लावलेली कोयती आहे, त्याने ती मुलांच्या हाताला लागू नये अशी ठेवावी, एवढे तर दोन्ही पक्षांना मान्य करावे लागेल. म्हणूनच आपल्या देशाने २००५ साली अशी शस्त्रे आणि त्यांचे साहित्य भलत्यांच्या हाती देण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, आणि अणुसामग्रीच्या राखणीचा आंतरराष्ट्रीय करार २००२ पासून पाळायचे मान्य केले.

भगिनींनो, कायदा झाला म्हणजे काम झाले असे नसते. आपल्या राज्यातल्या दोन घटना ऐका. २०१६ च्या डिसेंबरात ठाण्याला पोलिसांनी सुमारे ९ किलो युरेनियम पकडले. ते २३५ चा बराच अंश काढून घेतलेले, उरलेले युरेनियम निघाले. ५ मे २०२१ रोजी मुंबईत दहशतवादविरोधी पथकाने दोघांना पकडले. त्यांच्याजवळ ७ किलो १०० ग्रॅम नैसर्गिक युरेनियम मिळाले. भाभा अणुसंशोधन केंद्राने ते तपासून खात्री केली. पुढे तो तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. पकडलेल्यांपैकी एकाचा धंदा भंगाराचा होता.

बातमीत त्याची किंमत २१ कोटी रुपये छापून आली. मुलीने आणि मी कागद घेऊन हिशेब मांडला. हजारात सात, म्हणजे त्या ७ किलो १०० ग्रॅममध्ये कामाचे २३५ सुमारे ५० ग्रॅम. लागतात २५ किलो. तपासनीस मंडळी तर नैसर्गिक युरेनियम दहा टन जमले तरच त्याला मोठा आकडा म्हणतात. म्हणजे त्या पिशवीने बॉम्ब होणार नव्हता. आणि त्या वर्षी जगाच्या बाजारात युरेनियमचा जो रीतसर भाव होता, त्याने एवढ्या मालाचे लाख रुपयेही झाले नसते. मग एकवीस कोटी आले कोठून? आपल्याकडे मांडूळ सापाला कोटी मिळतात, खवल्या मांजराला कोटी मिळतात, तांदूळ ओढणाऱ्या नाण्याला परदेशातले शास्त्रज्ञ कोटी देतात, अशा थापा गावोगाव फिरत असतात ना? त्यातलीच ही. आपल्या जंगलातली किती तरी गरीब पोरे या थापांपायी तुरुंगात गेली. परवान्याशिवाय युरेनियमचे गिऱ्हाईक कायद्याने असूच शकत नाही. जो भाव सांगतो तो एक तर ठक, नाही तर त्याहून वाईट कोणी.

तरी मला घोर लागतो तो निराळाच. ते सात किलो बॉम्बाला पुरले नसते, हे ठीक. पण ते कोठल्या तरी वहीतून निसटले होते. बोटाएवढ्या नळीसाठी खाण थांबते, आणि येथे सात किलो धातू हातोहात फिरतो, ही गोष्ट लहान नव्हे. जगात १९९३ पासून अशी हरवल्याची, चोरीची वा बेकायदा विक्रीची चार हजारांहून अधिक प्रकरणे व्हिएन्नाच्या नोंदीत आली आहेत. बहुतेकांचा बॉम्बाशी संबंध नाही. पण भोक लहान आहे तोवर बुजवायचे असते.

आणि ही भोके बहुधा भंगारात असतात. किरणे सोडणारे पदार्थ बॉम्बाव्यतिरिक्त पुष्कळ चांगल्या कामांना लागतात. कर्करोगाच्या उपचाराला लागतात, लोखंडाचे सांधे तपासायला लागतात. कागद, सिमेंट, पोलाद, कोळसा यांच्या कारखान्यांत मोजमापाला लागतात. या चारही उद्योगांची नावे ऐकल्यावर आपल्या जिल्ह्याचाच नकाशा डोळ्यांपुढे येतो. यंत्र चालू आहे तोवर त्याची काळजी घेतली जाते. ते जुने झाले, जाणता माणूस निवृत्त झाला, की ते अडगळीत जाते; आणि अडगळ एक दिवस लिलावात निघते.

दिल्लीला हेच झाले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले कोबाल्टचे यंत्र १९८५ पासून वापरात नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात भंगार म्हणून गेले. मायापुरीच्या बाजारात ते फोडले, आणि एप्रिलमध्ये माणसे आजारी पडू लागली. एक कामगार दगावला. यंत्र विकणारे शिकलेले होते, फोडणारे अडाणी. शिक्षा अडाण्यांना झाली.

त्याआधीची, १९८७ सालची, ब्राझील देशातल्या गोयानिया शहराची हकीकत मला सर्वांत जास्त लागली. ओसाड पडलेल्या दवाखान्यातले किरणांचे यंत्र दोघांनी काढून नेले आणि भंगारवाल्याला विकले. आत निळसर चमकणारी पूड होती. किती सुंदर म्हणून ती नातेवाइकांत वाटली गेली; एका सहा वर्षांच्या मुलीने ती अंगाला लावली आणि त्याच हातांनी ती जेवली. घरात एकेक माणूस आजारी पडू लागले. डॉक्टरांनाही कारण उमगेना. उमगले ते भंगारवाल्याच्या बायकोला. हे सगळे ती वस्तू घरात आल्यापासून चालले आहे, हे तिने ताडले. २८ सप्टेंबरला तिने ती वस्तू पिशवीत घालून बसने आरोग्य कचेरीत नेली आणि सांगितले की हीच माझ्या माणसांना मारते आहे. तेव्हा कोठे शहर जागे झाले. १,१२,००० लोकांची तपासणी झाली, २४९ जणांना लागण निघाली. चौघे मेले, त्यांत ती लहान मुलगी होती, आणि महिन्याभरात ती बाईही गेली. ती अधिकारी नव्हती. घरात काय आले आणि कधीपासून काय बिघडले, याचा हिशेब तिच्या डोक्यात होता, इतकेच. त्या हिशेबाने कितीतरी जीव वाचले.

म्हणून, भगिनींनो, आपल्याला करता येण्याजोग्या चार गोष्टी सांगते.

पहिली, खूण ओळखावी. पिवळ्या पाटीवर पंख्यासारखी तीन पाती आणि मध्ये ठिपका, ही किरणांची खूण. ती मी आज फळ्यावर काढून ठेवली आहे. घरी जाऊन मुलांना काढून दाखवावी.

दुसरी, आकाराच्या मानाने फार जड अशी शिशाची वा अनोळखी धातूची डबी, नळी, ठोकळा सापडला, तर हात लावू नये, फोडू नये, घरात आणू नये. मुलांना दूर न्यावे आणि ११२ वर पोलिसांना कळवावे. चुकून हात लागला असेल तर साबणाने धुऊन तेही सांगावे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. भंगार वेचणाऱ्या बाया आणि पोरे आपल्या दाराशी रोज येतात. आपण त्यांना चोर समजून हाकलतो. ही खूण आपल्याआधी त्यांच्या दृष्टीस पडेल. त्यांना पाणी द्यावे, ओट्यावर बसवावे आणि खूण दाखवावी. त्यातली एखादी काही सांगायला आली, तर तिला एकटीला पोलीस ठाण्यात पाठवू नये. आपल्यापैकी दोघींनी सोबत जावे. आपल्या भागात ठाण्याची पायरी चढायला माणूस भितो, आणि त्याला कारणेही आहेत. सांगायला आलेलीवरच संशय घेतला, तर पुन्हा कोणी सांगायला येणार नाही. पोलीस अधिकाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे, अशी माझी नम्र विनंती आहे.

चौथी, आपल्या गावच्या दवाखान्यात वा कारखान्यात असे यंत्र असेल, तर जुने झाल्यावर ते कोठे जाते, हे ग्रामसभेत विचारावे. किरणांच्या यंत्रांवर देखरेख ठेवणारे नियामक मंडळ मुंबईत १९८३ पासून आहे. त्याला विचारल्याशिवाय असे यंत्र विकता वा टाकता येत नाही. विचारणारे कोणी आहे, हे ठाऊक असले की वही आपोआप नीट राहते.

उन्हाळ्यात फळीवर तेंदूपत्ता देताना सत्तर पानांचे पुडके आपण मोजून देतो, आणि तेथला माणूस शंभराचे नव्वद लिहू लागला तर तेथल्या तेथे त्याला अडवतो. मोजायचे आणि अडवायचे, हे दोन्ही गुण आपल्या बायांत आहेत. जगातल्या सगळ्यांत भयंकर मालाला त्याच दोन गुणांची गरज आहे, एवढेच मला सांगायचे होते.

 चहा झाल्यावर फळ्यावरची खूण पुसण्याआधी सर्वांनी एकदा पाहून घ्यावी, आणि भंगार वेचणाऱ्या बायांना पुढच्या शनिवारी मंडळात बोलवायचे की नाही, याचा ठराव आजच करावा, असे सुचवून मी खाली बसते.